स्कूटर सुरात लावताना

गेल्या पावसाळ्यात एका रिकाम्या तासाला मी नववीच्या वर्गावर गेलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि पाठ्यपुस्तक उघडण्याची कोणाचीच इच्छा दिसत नव्हती. म्हणून मी म्हटले, "आज तुम्ही विचारा, मी उत्तरे देतो." मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, स्कूटरचा पिकअपही वाढेल आणि अॅव्हरेजही वाढेल, असे काही करता येते का?" वर्गात हशा पिकला. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकाला असला प्रश्न विचारणे ही मुलांना मोठी गंमत वाटली. परंतु विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. चौकशी करता कळले, की त्याचा थोरला भाऊ मोपा येथील विमानतळावर कामाला असून रोज डिचोलीहून स्कूटरने जातो-येतो. पेट्रोलचा खर्च घराला जड जातो आणि सकाळी वेळेवर पोहोचण्याची घाई तर असतेच. कोणीतरी त्या भावाला सल्ला दिला होता : हवेची गाळणी काढून टाक, सायलेन्सर आतून पोकळ करून घे, म्हणजे गाडी पळेलही आणि पेट्रोलही कमी पिईल. हा सल्ला मानावा की मानू नये, एवढेच त्या मुलाला जाणून घ्यायचे होते.

त्या दिवशी मी त्याला थोडक्यात उत्तर दिले. परंतु हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पेडणे आणि डिचोली या आमच्या दोन्ही तालुक्यांत स्कूटर दारात नाही असे घर शोधावे लागेल. म्हणून वार्षिक अंकाच्या निमित्ताने या विषयावर जरा सविस्तर लिहावेसे वाटले. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राचा अधिकार माझ्याकडे नाही. तथापि या विषयातला एक धडा मी पदरचे, किंबहुना वडिलांच्या पदरचे, पैसे मोजून शिकलो आहे. तो आधी सांगतो.

2009 सालची गोष्ट. मी महाविद्यालयात शिकत होतो आणि रोज पेडण्याहून म्हापशाला जात असे. वडिलांची गिअरची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर होती. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणासाठी पेट्रोलातच तेल मिसळावे लागते. वडील दर लिटरला वीस मिलिलिटर तेल टोपणाने मोजून घालीत; त्यात एका थेंबाचा फरक पडू देत नसत. मला ही काटेकोर वृत्ती जुनाट वाटे. मित्रमंडळींत ऐकलेल्या ज्ञानाच्या जोरावर मी वडिलांच्या नकळत कार्बुरेटरची मुख्य जेट बदलून तिच्या जागी बारीक छिद्राची जेट बसवून घेतली आणि तेलही निम्म्यावर आणले. युक्तिवाद सरळ होता : छिद्र बारीक, तर पेट्रोल कमी, तेल कमी, तर धूर कमी. पहिले आठ दिवस गाडीने खरोखरच लिटरमागे काही किलोमीटर अधिक दिले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नवव्या की दहाव्या दिवशी धारगळचा चढ चढून सपाटीला लागताच मी मूठ पूर्ण पिळली. मिनिटभर गाडी सुसाट धावली आणि मग एकाएकी इंजिनाचा आवाज कोंडल्यासारखा झाला, मागचे चाक जागच्या जागी जखडले आणि गाडी आडवी घसरत गेली. मी रस्त्याच्या कडेला फेकला गेलो. पाठीमागून येणारी बस दोन हातांवर येऊन थांबली. अंगावर खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, हे केवळ दैव. पिस्टन सिलिंडरात अडकून बसला होता. मिस्त्रींच्या भाषेत, इंजिन 'सीझ' झाले होते.

असे का झाले, ते पुढे कळले. इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोलचे प्रमाण ठरलेले असते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास पंधरा किलोच्या आसपास हवा लागते. पेट्रोलचे प्रमाण त्याहून किंचित कमी ठेवले तर काटकसर होते, ही गोष्ट खरी; म्हणूनच मला पहिले आठ दिवस यश मिळाले. परंतु इंजिनावर पूर्ण भार असताना मिश्रण पातळ राहिले तर ते अधिक तापते. टू-स्ट्रोक इंजिनात तर आत येणारे पेट्रोल आणि त्यातले तेलच पिस्टनला थंडावा आणि वंगण पुरवीत असते. मी त्या दोन्हींवर एकाच वेळी कात्री चालविली होती. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरला चिकटला, यात यंत्राचा काय अपराध?

गाडी पेडण्यातील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेली. सिलिंडर घासून घेणे आणि नवा पिस्टन बसविणे यांत जो खर्च आला, त्यात वर्षभराच्या काटकसरीचे पेट्रोल सहज आले असते. त्यांचे काम चालू असताना मी केविलवाणेपणाने विचारले, की गाडीचे बळ वाढविण्याची योग्य रीत तरी कोणती? ते हातातला पाना न थांबविता म्हणाले, "पुता, हांव गाडयेक नवें बळ दिना, तिचें आशिल्लें बळ तिका परतें दितां." मी गाडीला नवे बळ देत नाही, तिचे जे होते तेच तिला परत देतो, असा त्याचा अर्थ. वीस दिवस वडील कामावर जाण्यासाठी पहाटे उठून बसथांब्यापर्यंत चालत गेले. त्यांनी मला एक शब्दही उणा बोलला नाही. मिस्त्रींच्या वाक्याचा अर्थ मला त्या वीस दिवसांत नीट उमगला.

माझे प्रस्तुत लेखातील म्हणणे त्या एका वाक्यात आहे. ज्याला आपण 'ट्यूनिंग' म्हणतो, ते मूळचे वाद्य सुरात लावण्याचे काम. आमच्या गोमंतकात देवळादेवळांतून भजने होतात. तबलजी बसल्याबरोबर हातोडीने तबल्याच्या गठ्ठ्यांवर ठोकून सूर जुळवितो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो तबल्याचा आवाज वाढवीत नसतो. तबला जिथे असायला हवा तिथे आणून ठेवीत असतो. हवेतल्या दमटपणाने, वापराने, प्रवासाच्या धक्क्यांनी वाद्य जसे सुरातून उतरते, तशीच गाडीही उतरते. तिला पुन्हा स्थानावर आणणे म्हणजे ट्यूनिंग. सायलेन्सर फोडून गावभर गर्जना करीत फिरणे याला सूर लावणे म्हणत नाहीत. तो केवळ गोंगाट होय.

आता वेग आणि काटकसर या दोन गोष्टी एकाच वेळी साधतात का, हे पाहू. एक साधे गणित घ्या. समजा, रस्ता पंचवीस किलोमीटरचा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने तो तीस मिनिटांत संपतो. ताशी 60 वेगाने पंचवीस मिनिटांत. लाभ पाच मिनिटांचा. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग 1.2 पट झाला की हा विरोध 1.44 पट, म्हणजे 44 टक्क्यांनी वाढतो आणि तो तोडण्यासाठी लागणारी शक्ती तर 1.7 पटीहून अधिक होते. ही जादा शक्ती पेट्रोलातूनच यायची, दुसरीकडून नव्हे. शिवाय कोलवाळ, थिवी, अस्नोडा, मुळगाव अशा वळणावळणाच्या रस्त्याने येताना ती पाच मिनिटेदेखील कागदावरच राहतात. मोटारींच्या आणि गुरांच्या मागे थांबण्यातच ती जातात. तात्पर्य, निरोगी गाडीचा वेग वाढवायचा तर इंधन मोजावे लागते. मात्र आजारी गाडीची गोष्ट वेगळी. तिचा वेगही घटलेला असतो आणि खर्चही वाढलेला असतो. तिची नीट निगा केली तर दोन्ही एकदम सुधारतात. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर येते ते एवढ्याच अर्थाने.

स्कूटर हे वाहनच मुळी काटकसरीतून जन्माला आले आहे. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या इटलीत 1946 साली पियाजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली, ती सामान्य माणसाला परवडणारे वाहन म्हणून. पुढे बजाज कंपनीने तिच्याशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर बनविल्या. 1972 साली बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी तेव्हाच्या अहमदनगरातून कायनेटिक कंपनीची पन्नास सीसीची लूना बाहेर पडली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नाव नोंदवून वाट पाहत. इतक्या प्रतीक्षेने मिळालेली वस्तू माणसे जिवापाड जपत. आज पैसे भरले की स्कूटर मिळते. म्हणूनच की काय, ती जपण्याची विद्या मात्र आपण हरवून बसलो आहोत.

ही विद्या फार अवघड नाही. पहिली गोष्ट, टायरांतली हवा. ती कमी असली की गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते. आठवड्यातून एकदा, गाडी गार असताना, माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी हवा भरावी. दुसरी गोष्ट, ब्रेक. गाडी स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवावे. ते घासत थांबत असेल तर आपण ब्रेक दाबून गाडी हाकीत आहोत असे समजावे. तिसरी, हवेची गाळणी. डिचोलीकरांना लाल धुळीचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. 2012 साली खाणी थांबण्यापूर्वी खनिजाच्या ट्रकांमागून ज्यांनी प्रवास केला, त्यांच्या कपड्यांनी ती पाहिली आहे. गाळणी तुंबली तर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ती काढून टाकली तर तीच धूळ सिलिंडरात शिरून कानशीसारखे काम करते. म्हणून ती स्वच्छ करावी, बदलावी. काढून मात्र टाकू नये. चौथी, स्पार्क प्लग. त्याचे टोक फिकट तपकिरी असले तर ज्वलन नीट चालले आहे. काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल वाया जाते आहे. पांढुरके पडले असेल तर इंजिन तापते आहे. माझा प्लग धारगळच्या चढाआधी कोणी काढून पाहिला असता तर तो पांढराच दिसला असता.

गिअर नसलेल्या आजच्या स्कूटरांत आणखी एक गोष्ट दडलेली असते. इंजिनाचे बळ मागच्या चाकाकडे नेणारा रबरी पट्टा आणि पुढच्या कप्पीतील लहान रोलर झिजले की गाडीचा कमाल वेग हळूहळू उतरतो. हा ऱ्हास इतका सावकाश होतो की रोज बसणाऱ्याला तो जाणवतही नाही. अशा वेळी हलके रोलर घालून पिकअप वाढविण्याची टूम निघते. त्याने गाडी उडी मारून निघते खरी. पण इंजिन सतत अधिक फेरे घेऊ लागते आणि पेट्रोल अधिक पिते. योग्य वजनाचे नवे रोलर आणि नवा पट्टा घातला की बहुतेक वेळा हरवलेला वेग आपोआप परत येतो.

राहता राहिला सायलेन्सर. तो केवळ आवाज मारण्यासाठी असतो, ही समजूत चुकीची आहे. टू-स्ट्रोक इंजिनात धुराबरोबर काही ताजे मिश्रणही बाहेर निसटते. सायलेन्सरच्या विशिष्ट आकारामुळे उलट येणारी दाबाची लहर त्यातले काही पुन्हा सिलिंडरात ढकलते. तो आकार बिघडविला तर न जळलेले पेट्रोल सरळ रस्त्यावर जाते. 2020 सालच्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या मानकानंतरच्या गाड्यांत तर कार्बुरेटर जाऊन त्याच्या जागी संगणकाने नियंत्रित इंधन-फवारणी आली आहे, आणि सायलेन्सरच्या आत धूर निर्विष करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेला असतो. ती सारी रचना फोडून पोकळ करणे म्हणजे फुप्फुस काढून श्वास सुधारण्याची आशा धरणे होय.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शर्यतीच्या गाड्या इंजिनात फेरफार करूनच वेगवान केल्या जातात, मग ते लोक चुकीचे करतात काय? नाही. ते एक खरे शास्त्र आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ते रीतसर शिकले तर मला अभिमानच वाटेल. परंतु ती माणसे एका बदलाबरोबर दहा गोष्टी मोजतात, इंजिनाचे आयुष्य कमी होणार हे धरून चालतात, इंधनाची पर्वा करीत नाहीत आणि बंदिस्त मार्गावर धावतात. आपण मात्र एक छिद्र बदलतो, काहीच मोजीत नाही, आणि ज्या रस्त्यावरून शाळेची मुले चालतात त्या रस्त्यावर प्रयोग करतो. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. 2019 सालच्या दुरुस्तीनंतर, परवानगीवाचून वाहनात फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची गाडी चालविण्याचा परवाना मिळतो. परंतु घरोघरच्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात आणि त्यांना अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अज्ञान मुलाच्या हाती गाडी देऊन त्याच्याकडून गुन्हा घडला, तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या एका फेरीची एवढी किंमत तुमच्या आईवडिलांनी मोजावी काय, याचा विचार तुम्हीच करा.

इंधनाच्या बाबतीत आपण स्वस्ताईच्या मागे धावतो, पण नासाडीकडे पाहत नाही. 2012 साली गोवा सरकारने पेट्रोलवरील व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला तेव्हा येथे पेट्रोल लिटरमागे सुमारे अकरा रुपयांनी उतरले, आणि सीमेपलीकडची वाहनेही पत्रादेवीच्या बाजूने टाक्या भरायला येऊ लागली. ती स्वस्ताई पुढे ओसरली. 2023 पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. तेव्हा सहा-सात टक्क्यांपर्यंत अॅव्हरेज उतरले तर त्याचा दोष मिस्त्रीला देऊन कार्बुरेटर पिळत बसण्यात अर्थ नाही. पेट्रोलचा भाव किंवा त्यातले मिश्रण आपल्या हाती नाही. परंतु केरीच्या किंवा सारमानसच्या धक्क्यावर, फेरीबोट अजून नदीच्या मध्यावर असताना इंजिन चालू ठेवून उभे राहायचे की बंद करायचे, हे तर आपल्याच हाती आहे ना? पोट गाडीवर असलेला आमचा मोटारसायकल पायलट थांब्यावर कधी इंजिन चालू ठेवीत नाही. त्याला हे कोणत्याही पुस्तकाने शिकविलेले नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. कार्यानुभवाच्या तासाला नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या गाडीची एक वही ठेवावी. गाडी चालवायची नाही, केवळ मोजायचे. टाकी काठोकाठ भरली त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा लिहावा. पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते लिहावे आणि भागाकार करावा. टायरांतली हवा, गाळणीची सफाई, प्लगचा रंग यांच्या तारखा समोर नोंदवाव्यात. दोन-तीन महिन्यांत ती वही आपण होऊन बोलू लागेल. रोज पन्नास किलोमीटर जाणारी गाडी लिटरला 45 ऐवजी 50 किलोमीटर देऊ लागली, तर पंचवीस दिवसांत पावणेतीन लिटर पेट्रोल वाचते. हा आकडा लहान वाटेल. पण ज्या घरात तो वाचेल, त्या घराला तो लहान वाटणार नाही.

त्या विद्यार्थ्याने अशी वही सुरू केली आहे. त्याच्या भावाने सायलेन्सरला हात लावला नाही. गाळणी आणि पट्टा बदलला आणि आता तो घरून दहा मिनिटे आधी निघतो. अॅव्हरेज किती वाढले, हे मी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "सर, अजून दोन टाक्या होऊ द्यात, मग सांगतो." दोन टाक्या होईपर्यंत थांबण्याची ही बुद्धी मला 2009 साली असती, तर माझ्या वडिलांचे वीस दिवसांचे चालणे वाचले असते.